उष्णतेचा हिशेब : बोर्ली पंचतनच्या बाजूने पाहिलेला ध्वनिवर्धकाचा इतिहास

क्षीण विद्युत्संकेताला कर्णा हलवण्याइतके बळ देणाऱ्या यंत्राला ध्वनिवर्धक, रूढ भाषेत अ‍ॅम्प्लिफायर, म्हणतात. त्याचा इतिहास सहसा आवाजाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतनसारख्या खाऱ्या, दमट वाऱ्याच्या गावाच्या बाजूने पाहिले, तर तो मुख्यतः उष्णतेचा इतिहास आहे. भिंतीतल्या प्लगमधून घेतलेल्या विजेपैकी जेवढी स्पीकरपर्यंत पोचत नाही, तेवढी उष्णता होऊन यंत्राच्या पेटीत साठते, आणि ती बाहेर कशी काढावी या एकाच अडचणीने या यंत्राचे रूप गेले शतकभर घडवले आहे.

२३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले, तेव्हा बोर्ली पंचतन ब्रिटिश मुलखात नव्हते. ते जंजिऱ्याच्या सिद्दी संस्थानात मोडत होते आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर कुलाबा जिल्ह्यात आले, ज्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. त्या काळचे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर व्हॉल्व्हवर, म्हणजे निर्वात काचनळ्यांवर चालत. व्हॉल्व्हमधला कॅथोड तापून लालसर झाल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटत नाहीत, त्यामुळे उष्णता हा इथे दोष नव्हता, ती कामाची पहिली अटच होती. पुढे जगभर पसरलेल्या ईएल३४ या व्हॉल्व्हचे उदाहरण घेतले, तर कॅथोड तापवणारी त्याची तार ६.३ व्होल्टवर १.५ अँपिअर, म्हणजे सुमारे साडेनऊ वॉट, केवळ तापून राहण्यासाठी खाते. असे चार व्हॉल्व्ह असलेले यंत्र एक सूरही निघण्याआधी जवळजवळ ३८ वॉट उष्णता खोलीत सोडते. घरगुती रेडिओतले व्हॉल्व्ह लहान असत, तरी त्याच्या पाठीला भोके पाडलेला पुठ्ठा लावावा लागे तो याच कारणाने. मराठी घरांत मात्र रेडिओवर विणलेला रुमाल घालण्याची चाल होती, आणि मागे ओघळलेला तो रुमाल नेमकी हीच भोके झाकत असे.

लग्न, गणपती, शिमगा, नमन-खेळे यांसाठी भाड्याने मिळणाऱ्या भोंग्यांचा धंदा कोकणात वाढला तो विजेच्या तारा सगळ्या वाड्यांपर्यंत जाण्याआधी, त्यामुळे त्याची खरी भिस्त मोटारीच्या बॅटरीवर होती. बॅटरीवरच्या व्हॉल्व्ह-यंत्रात विजेचा मोठा हिस्सा तार तापवण्यातच खर्ची पडे. ट्रान्झिस्टरने तो खर्च संपवला. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ मध्ये व्हॉल्व्ह आणि लगेच १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली, यावरून हे स्थित्यंतर देशात किती दाटीने घडले ते दिसते. जर्मेनियमला मात्र किनाऱ्याची उष्ण हवा फारशी मानवणारी नव्हती : तापलेला ट्रान्झिस्टर अधिक प्रवाह खेचतो, त्या प्रवाहाने तो आणखी तापतो, आणि हे चक्र वेळीच तोडले नाही तर तो जळतो. सिलिकॉनने हा धोका कमी केला, संपवला नाही.

सिलिकॉनच्या पिढीतला सर्वपरिचित ट्रान्झिस्टर म्हणजे २एन३०५५, जो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हाताने जुळवलेल्या असंख्य अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वापरला गेला. लंबगोल धातूच्या बैठकीवर गोल टोपी, खाली दोन पिना, स्क्रूसाठी दोन भोके. बैठक आणि हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा पंखांचा अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, यांच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती आणि दोन्ही बाजूंना पांढरी पेस्ट. अभ्रक वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. या ट्रान्झिस्टरची क्षमता ११५ वॉट म्हणून छापली जाते. अट अशी की बैठकीचे तापमान २५ अंश सेल्सियस असावे. बैठक ७५ अंशांवर गेली की तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ८२ वॉट सोसतो, आणि मे महिन्यात मांडवाच्या पत्र्याखाली २५ अंशांची बैठक ही कागदावरचीच गोष्ट होय.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातून आखातात नोकरीला जाणाऱ्यांची रीघ लागली, तेव्हा टू-इन-वन, डेक आणि स्टिरिओ सुटीच्या सामानातून गावी येऊ लागले. सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आणि पुष्कळ ठिकाणी १२७ व्होल्टची होती, तर भारतात ती ५० हर्ट्झ आणि २४० व्होल्टची. पाठीमागची व्होल्टेजची कळ फिरवायची राहिली तर यंत्र क्षणात जळे, हे सर्वांना ठाऊक होते. त्याहून सूक्ष्म गोष्ट अशी की केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टवर ५० हर्ट्झला जोडला, तर त्याच्या गाभ्यातला चुंबकीय प्रवाह एक पंचमांशाने वाढतो आणि तो आवाज बंद असतानाही तापत राहतो.

याच सुमारास अमेरिकेत वॉटच्या फुगवलेल्या आकड्यांना वेसण घातली गेली. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ च्या नियमात अशी अट घातली की मोजमापाआधी अ‍ॅम्प्लिफायर जाहीर शक्तीच्या एक तृतीयांशावर तासभर चालवावा. ही अट सौम्य वाटते, पण ती कठोर आहे. बी वर्गाचा, म्हणजे ज्यात ध्वनिलहरीचे दोन अर्धे दोन ट्रान्झिस्टर आळीपाळीने उचलतात असा, १०० वॉटचा आदर्श अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर सुमारे २७ वॉट उष्णता सोडतो, तर ३३ वॉटवर ४० वॉट; म्हणजे मध्यम आवाजातच तो अधिक तापतो. कारखानदारांनी या अटीविरुद्ध तक्रारी केल्या आणि पुढे ती एक अष्टमांशावर आणली गेली, ही सवलत ग्राहकाच्या फायद्याची होती असे म्हणवत नाही. भारतीय बाजारात मात्र १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा मिरवत होता : क्षणभराच्या काल्पनिक शिखराचे हजार वॉट दर्शनी स्टिकरवर, आणि पाठीमागच्या पट्टीवर लिहिलेला विजेचा वापर त्याच्या लहानशा अंशाइतका.

होम थिएटरच्या रिसिव्हरने उष्णतेचा हा पेच आणखी गहिरा केला, कारण पूर्वी दोन अ‍ॅम्प्लिफायर असत त्याच रुंदीच्या पेटीत आता सात, नऊ, अकरा बसवले जातात. त्यावर तोड म्हणून प्री-आउट ही जोडणी असते, जिच्यातून प्राथमिक वर्धनानंतरचा एक-दोन व्होल्टचा संकेत बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे नेता येतो. तिची प्रत तपासताना १ किलोहर्ट्झचा शुद्ध सूर देऊन आवाज हळूहळू वाढवतात आणि मूळ सुरात नसलेली भेसळ किती उमटते ते मोजतात. अनेक रिसिव्हरमध्ये ही भेसळ अपेक्षेआधीच वाढते. आतले अ‍ॅम्प्लिफायर तोच संकेत घेत असतात, त्यांना स्पीकर जोडलेला नसला तरी ते आपल्या व्होल्टेजच्या मर्यादेला धडकतात, आणि त्यांचा गोंधळ प्री-आउटमध्ये उतरतो. डेनॉनने २०२० च्या एव्हीआर-एक्स३७००एच मध्ये आतले अ‍ॅम्प्लिफायर संकेतापासून तोडण्याची सोय दिली. तिने संकेत स्वच्छ होतो आणि पेटीही थंड राहते.

हा थंडावा चैनीची बाब नव्हे. विजेचा साठा करणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. ८५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ८,००० तास टिकतो. वातानुकूलित प्रयोगशाळेत, चहूबाजूंनी मोकळ्या टेबलावर घेतलेले आकडे बोर्लीतल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेल्या रिसिव्हरला लागू पडत नाहीत. म्हणून मोजणाऱ्यांनी खोलीचे तापमान आणि तासाभरानंतरचे झाकणाचे तापमान वॉटच्या आकड्याशेजारी छापावे, आणि घेणाऱ्यांनी तोवर शोकेसची मागची फळी काढून टाकावी.