मॉरिशसच्या निवडणूक-व्यवस्थेतील चार समाज : एका वर्गीकरणाचा इतिहास

लहान राष्ट्रांच्या राज्यघटना म्हणजे मोठ्या राष्ट्रांच्या घटनांच्या संक्षिप्त आवृत्त्या होत, असे मानण्याची प्रथा आहे. मॉरिशसचा वरवरचा अभ्यास या समजुतीस पुष्टी देतो. विधिमंडळास जबाबदार असलेले मंत्रिमंडळ, एकच सभागृह, १९९२ पासून विधिमंडळाने निवडलेला राष्ट्रपती आणि अंतिम अपिलासाठी लंडनची प्रिव्ही कौन्सिल, ही सर्व मांडणी ब्रिटिश परंपरेतील आहे. तथापि त्याच घटनेच्या पहिल्या परिशिष्टात असा एक भाग आहे की, ज्याचे मूळ ब्रिटनमध्ये नव्हे, तर त्या बेटाच्या लोकवस्तीच्या इतिहासात शोधावे लागते.

या बेटास मूळ रहिवासी असे नाहीत. डच, फ्रेंच व १८१० नंतर ब्रिटिश अशा क्रमाने तेथे सत्ता आल्या. फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणले. १८३५ साली गुलामगिरी रद्द झाली आणि १८३४ पासून सुरू झालेली भारतीय करारबद्ध मजुरांची आयात वाढत जाऊन सुमारे साडेचार लक्षांवर पोचली. कलकत्ता व मद्रास यांप्रमाणे मुंबई बंदरातूनही मजूर गेले. आजच्या मराठी भाषक मॉरिशसवासीयांचे पूर्वज त्यांपैकीच होत.

लोकसंख्येत बहुसंख्य झालेला हा वर्ग राजकारणात मात्र दीर्घकाळ अनुपस्थित राहिला. १८८५ च्या घटनेने शासकीय मंडळाच्या २७ सभासदांपैकी १० निर्वाचित केले, पण मताधिकारास मालमत्तेची अट होती. ही कोंडी फुटली ती १९४८ च्या निवडणुकीत. बेटावर प्रचलित असलेल्या भाषांपैकी कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्यास मत मिळाले आणि मतदारांची संख्या काही हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेली. वासुदेव विष्णुदयाल यांच्या जन आंदोलनाने गावोगाव चालविलेल्या साक्षरता-वर्गांस या अटीमुळे थेट राजकीय महत्त्व आले. १९५९ साली सार्वत्रिक प्रौढ मताधिकाराने निवडणूक झाली.

मताधिकार विस्तारला तसे भयही विस्तारले. बहुसंख्याकांच्या राज्यात आपले काय होईल, ही चिंता मुसलमान, चिनी व क्रिओल या समाजांत वाढीस लागली. १९६६ साली बॅनवेल आयोगाने मतदारसंघांची रचना सुचविली आणि जॉन स्टोनहाऊस या ब्रिटिश मंत्र्याच्या मध्यस्थीनंतर तडजोड ठरली. मॉरिशस बेटावर प्रत्येकी तीन जागांचे वीस मतदारसंघ, रॉड्रिग्जसाठी दोन जागा, अशा ६२ निर्वाचित जागा. त्यांच्या जोडीस पराभूत उमेदवारांतून भरावयाच्या आठ जागा. हीच ‘बेस्ट लूझर’ पद्धती होय. ७ ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीस ६२ पैकी ३९ व विरोधकांस २३ जागा मिळाल्या. आठ जागांच्या वाटपानंतर हे प्रमाण ४३ व २७ झाले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

या पद्धतीचे गणित असे. प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येस, त्यास मिळालेल्या जागांत एक मिळवून येणाऱ्या संख्येने भागावयाचे. ज्या समाजाचा भागाकार सर्वांत मोठा, त्याच्या सर्वाधिक मते मिळविलेल्या पराभूत उमेदवारास जागा द्यावयाची. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता दिल्या जातात. पुढील चार जागा देताना पक्षांचे मूळ प्रमाण बिघडू नये, ही दृष्टी असते.

गणित नेमके आहे. ज्या पदांवर ते उभे आहे, ती मात्र तशी नाहीत. घटनेने हिंदू, मुसलमान व चिनी-मॉरिशियन हे तीन समाज नावाने सांगितले आहेत. ज्याच्या जीवनपद्धतीवरून तो या तिहींपैकी कोणाचाही दिसत नाही, तो ‘सामान्य लोकसमूहा’त, म्हणजे चौथ्या समाजात गणला जातो. पहिले दोन समाज धर्मावरून, तिसरा मूळ देशावरून आणि चौथा केवळ नकारावरून ठरला आहे. परिणामी फ्रेंच मळेवाल्यांचे वंशज व त्यांच्या गुलामांचे वंशज एकाच सदरात येतात. त्याचप्रमाणे मराठी, तमिळ व तेलुगू भाषक हिंदू जागावाटपाच्या हिशेबात हिंदीभाषकांबरोबर ‘हिंदू’ याच एका सदरात जातात. ज्या भाषेने १९४८ साली मत मिळवून दिले, तिला या कोष्टकात स्थान उरलेले नाही.

यापुढील विसंगती कालाची आहे. १९७२ नंतरच्या जनगणनांतून समाजाची नोंद वगळण्यात आली. परंतु आठ जागा राहिल्या. १९८२ च्या घटनादुरुस्तीने १९७२ चेच आकडे हिशेबासाठी कायम केले. समाज न सांगणाऱ्या उमेदवाराचे नामनिर्देशनपत्र अवैध ठरू लागले, तेव्हा हा वाद न्यायालयांतून संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे गेला. अद्ययावत आकड्यांवाचून अशी सक्ती करणे मनमानीचे ठरते, असे मत समितीने २०१२ साली दिले. २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती शिथिल झाली. २०१९ साली ती पुन्हा लागू झाली.

असे असूनही ही पद्धती निरुपयोगी होती, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. १९८२ व १९९५ या दोन्ही वर्षी मॉरिशस बेटावरील साठही जागा एकाच आघाडीने जिंकल्या. त्या वेळी पराभूतांस दिलेल्या जागांमुळेच तेथील विरोधी पक्षास सभागृहात आवाज उरला. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईत जातीय दंगली झाल्या होत्या. अशा वातावरणात जन्मलेल्या राष्ट्रास या आश्वासनाचे मोल किती होते, हे विसरता येत नाही.

म्हणून दोष आश्वासनाचा नसून ते ज्या वर्गीकरणावर उभे केले, त्याचा आहे. समाजांची सरमिसळ होत राहिली, कोष्टक मात्र १९७२ च्या आकड्यांवर थांबले. अल्पसंख्याकांस संरक्षण देताना प्रत्येक उमेदवारावर एक नाव लादणे अपरिहार्य आहे काय, हा मॉरिशसच्या घटनेने उपस्थित केलेला खरा प्रश्न होय; आणि तो केवळ त्या बेटापुरता नाही.