अडकलेली पिन

तेच तेच बोलणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘ब्रोकन रेकॉर्ड’ची उपमा देतात. तिचा ‘फुटकी तबकडी’ असा शब्दशः अर्थ लावला की घोटाळा होतो. फुटलेली तबकडी वाजतच नाही. मग ती पुन्हा पुन्हा तेच कसे म्हणेल? या उपमेचा उलगडा तबकडीच्या घडणीतच होतो, असे आम्हांस वाटते.

एडिसनचा १८७७चा फोनोग्राफ नळकांड्यावर आवाज कोरत असे. सपाट तबकडीची पद्धत एमिल बर्लिनर यांनी १८८७ साली पुढे आणली. अशा तबकडीवर वर्तुळे अनेक दिसतात. प्रत्यक्षात एका बाजूवर एकच खाच असते, कडेकडून मध्याकडे वळत गेलेली. जुन्या तबकड्या लाखेच्या मिश्रणाच्या, म्हणून ठिसूळ. तडा वा ओरखडा गेला की खाचेची भिंत तुटते आणि सुई पुढे जाण्याऐवजी मागच्या फेऱ्यात घसरते. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे एका फेऱ्याला सुमारे पाऊण सेकंद. तेवढ्यात एखाद-दुसरा शब्दच मावतो, आणि तोच पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ‘ब्रोकन’ म्हणजे येथे फुटलेली नव्हे, तडकलेली.

मराठी बोलण्यात याच अवस्थेला ‘पिन अडकली’ म्हणतात. इंग्रजीने दोष तबकडीला दिला. मराठीने सुईकडे बोट दाखवले. यंत्रापुरते दोन्ही खरे, पण माणसाविषयी बोलताना फरक पडतो. तडकलेली तबकडी तशीच राहते. अडकलेली पिन मात्र बोटाने हलकेच पुढे सरकवता येते.

दोन्ही भाषांत या शब्दप्रयोगाचा उपयोग समोरच्याला गप्प करण्यासाठीही होतो. मागणी मान्य न झालेला माणूस ती पुन्हा मांडतो. त्याला ही उपमा चिकटवली की उत्तर देण्याची जबाबदारी टळते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॅन्युएल स्मिथ यांनी १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या निंदेला वेगळे वळण दिले. न चिडता, शांतपणे आपले म्हणणे पुन्हा सांगत राहण्याच्या कौशल्याला त्यांनी हेच नाव दिले.

म्हणून एखाद्या उताऱ्यात ही उपमा आढळली, तर ती कोण कोणासाठी वापरतो आहे आणि मूळ प्रश्नाला उत्तर मिळाले होते का, हे आपण आधी पाहावे. अर्थ सांगण्याचे काम त्यानंतरचे.