महाराष्ट्रातील ई-सिगारेट बंदी

ई-सिगारेट हे द्रव तापवून त्याचे एरोसोल श्वासावाटे घेण्याचे, बॅटरीवर चालणारे उपकरण आहे. या द्रवात बहुधा निकोटिन असते. २०१९ च्या केंद्रीय कायद्यान्वये भारतातील इतर राज्यांप्रमाणे महाराष्ट्रातही ई-सिगारेटच्या व्यापारावर बंदी आहे. धूम्रपान सोडण्यासाठी ई-सिगारेट उपयुक्त आहे की ती नव्या व्यसनाचे कारण ठरते, याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत.

पार्श्वभूमी

आजच्या स्वरूपाची ई-सिगारेट चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी २००३ मध्ये विकसित केली. भारतात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये राज्यांना तिची विक्री रोखण्याची सूचना केली. मे २०१९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश निघाला व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची जागा कायद्याने घेतली.

कायद्यातील तरतुदी

उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक व जाहिरात यांना कायद्याने मनाई आहे. साठवणूक वगळता अन्य पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्ह्याच्या पुनरावृत्तीस तीन वर्षांपर्यंत कारावास व पाच लाख रुपयांपर्यंत दंड आहे. साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. ई-सिगारेट ओढण्यासाठी मात्र कायद्यात स्वतंत्र शिक्षा नाही.

आरोग्यविषयक मतभेद

ई-सिगारेटमध्ये तंबाखू जळत नसल्यामुळे टार व कार्बन मोनॉक्साइड तयार होत नाहीत. या आधारे इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ मध्ये ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज मांडला. या आकड्यावर टीकाही झाली. इंग्लंडमध्येच झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ई-सिगारेट वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के व्यक्ती वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर होत्या. निकोटिनचे इतर पर्याय वापरणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. मात्र यशस्वी ठरलेल्यांपैकी बहुसंख्य जण तेव्हाही ई-सिगारेट ओढत होते.

बंदीचे समर्थक निकोटिनच्या व्यसनाकडे व किशोरवयीन मेंदूवरील त्याच्या परिणामांकडे लक्ष वेधतात. टाटा स्मारक रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक पंकज चतुर्वेदी यांनी बंदीचा जाहीर पुरस्कार केला आहे. अमेरिकेत २०१९ मध्ये पसरलेल्या फुप्फुसविकाराचा दाखलाही दिला जातो. तो प्रामुख्याने गांजातील घटक असलेल्या द्रवांतील व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी निगडित असल्याचे आढळले. सिगारेट, बिडी व खाण्याची तंबाखू कायदेशीर ठेवून तुलनेने कमी हानिकारक पर्याय बंद करणे विसंगत आहे, असा विरोधकांचा आक्षेप आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६–१७) महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर धूररहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. त्यामुळे सिगारेटऐवजी ई-सिगारेट हा पाश्चात्त्य देशांतील युक्तिवाद राज्यातील बहुसंख्य तंबाखूसेवकांना लागू होत नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे.

व्यसनमुक्ती

तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन, निकोटिनचे च्युइंगगम व पट्ट्या, तसेच बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन ही औषधे वापरली जातात. औषधे वैद्यकीय सल्ल्याने घ्यावी लागतात. टाटा स्मारक केंद्र तंबाखूविषयक संशोधन व व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात कार्यरत असून त्याचे कर्करोग संशोधन संकुल नवी मुंबईतील खारघर येथे आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झाली. पुढे मुंबईसह अन्य शहरांतही तिची केंद्रे उघडण्यात आली. तिचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ सप्टेंबर २०१८ पासून तंबाखूजन्य पदार्थांच्या वेष्टनांवर छापणे बंधनकारक आहे.