खिळे, छर्रे आणि बाबांचा रिकामा वेळ



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक संपत आली होती. हप्त्यांचे पैसे मोजून झाले, वहीत सह्या झाल्या आणि एका ताईंनी पिशवीतून एक जुनी फळी काढली. वरून गोल, खालून सपाट, हिरवा रंग उडालेला, जागोजागी बारीक खिळे ठोकलेले. घर आवरताना माळ्यावर सापडली म्हणाल्या. ती बघताच निम्म्या जणी एकदम ओरडल्या, "अगं, हे तर बगॅटेल!" कुणी त्याला बगाटेल म्हटलं, कुणी खिळ्यांचा बोर्ड. पद्मानगरच्या ताईंनी त्यांच्या घरातला शब्द सांगितला, तर आमच्या बाजी म्हणाल्या, "आमच्याकडे नुसतं 'छर्रेवाला' म्हणायचे." त्या दिवशी बैठक तासभर लांबली. म्हणून आज या खेळाची गोष्ट तुम्हाला सांगायची ठरवली.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी खेळ सांगतो. फळी मागच्या बाजूने थोडी उंच ठेवायची. उजव्या कडेला एक अरुंद वाट असते. तिच्यात लोखंडी छर्रा ठेवायचा, खालचा स्प्रिंगचा दांडा मागे ओढायचा आणि सोडायचा. छर्रा वर जातो, गोलाईवरून वळतो आणि खिळ्यांवर आपटत खाली येतो. मध्ये खिळ्यांनी वेढलेली घरं असतात. कुठे १०, कुठे ५०, कुठे १०० असे आकडे लिहिलेले. छर्रा ज्या घरात अडकेल तेवढे गुण. कुठेच अडकला नाही तर तळाला जातो आणि काही मिळत नाही. दहा छर्रे झाले की बेरीज करायची.

हा खेळ आला कुठून? थेट राजवाड्यातून. फ्रान्सच्या राजाचा धाकटा भाऊ, आर्त्वाचा काउंट, याने आपल्या वहिनीशी, म्हणजे राणी मारी आंत्वानेतशी पैज लावली आणि १७७७ साली पॅरिसजवळ अवघ्या ६४ दिवसांत एक बंगला बांधून घेतला. त्या बंगल्याचं नाव बागातेल. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ किरकोळ, क्षुल्लक वस्तू. बिलियर्डचं टेबल लहान करून त्यावर खिळे आणि भोकं केलेला एक खेळ तेव्हा तिकडच्या बड्या लोकांत चालायचा. त्याला या बंगल्यावरून नाव पडलं असं सांगतात. तेव्हा त्याला स्प्रिंग नव्हती. लांब काठीने गोळी ढकलायची. त्यासाठी मोठं टेबल हवं, म्हणजे मोठं घरही हवं.

गरिबाच्या घरात तो आला तो स्प्रिंगमुळे. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात माँटेग्यू रेडग्रेव्ह नावाचा एक इंग्रज कारागीर राहायचा. त्याने १८७१ साली बगॅटेलमध्ये केलेल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. काठीच्या जागी स्प्रिंगचा दांडा आला, फळी लहान झाली, गोळ्या लहान झाल्या. लहान पोरालाही खेळता येऊ लागलं आणि फळी कुठेही मांडता येऊ लागली. आपल्या माळ्यावरची फळी ही त्याच फळीची नात समजा.

भिवंडीतल्या माणसाला हा खेळ समजावून सांगावा लागला नाही. आपल्याकडे रात्रंदिवस माग चालतात. धोटा एका बाजूने फटका खातो, दुसऱ्या बाजूला जातो, तिथून फटका खाऊन परत येतो. स्प्रिंग म्हणजे काय, किती ताणली तर किती जोर लागतो, हे जॉबरच्या हाताला कळतंच. आमच्यापैकी तिघींच्या घरी बगॅटेल दुकानातून आलंच नव्हतं. बाबांनी प्लायवूडचा तुकडा आणला, कारखान्यातली जुनी स्प्रिंग लावली, सायकलवाल्याकडून बेअरिंगचे छर्रे घेतले आणि खिळे ठोकले. आकडे मात्र मुलांनी लिहिले. एका घरात सगळ्यात मोठं घर ५०० चं होतं, कारण लिहिणाऱ्या भावाला तेव्हा तेवढंच लिहिता येत होतं.

आता थोडी दुसरी बाजू. ही फळी घराबाहेर गेली तेव्हा तिचं काय झालं ते ऐका. १९३१ साली अमेरिकेत मंदी होती, हाताला काम नव्हतं. शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने 'बॅफल बॉल' नावाचं यंत्र काढलं. एक नाणं टाकलं की काही गोळ्या खेळायला मिळायच्या. स्वस्तातली करमणूक, म्हणून ते दुकानादुकानांत पोहोचलं. यालाच पुढे पिनबॉल म्हणू लागले. पण नाणं आलं तसा जुगारही आला. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांचं म्हणणं होतं की हे यंत्र शाळकरी मुलांच्या खिशातले डब्याचे पैसे काढून घेतं. १९४२ साली त्यांनी शहरात बंदी घातली. पोलिसांनी यंत्रं जप्त केली आणि महापौरांनी स्वतः घण घेऊन ती फोडली.

त्या यंत्राला तेव्हा फ्लिपर नव्हते. फ्लिपर म्हणजे खाली पडणाऱ्या गोळीला पुन्हा वर मारणारे दोन छोटे हात. ते १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रात आले. त्याआधी गोळी सुटली की बघत बसायचं, आणि म्हणूनच लोक म्हणायचे की हा सगळा नशिबाचा खेळ. फ्लिपर आल्यावर हाताचं कसब आलं, तरी न्यूयॉर्कची बंदी उठायला १९७६ साल उजाडलं. त्या वर्षी रॉजर शार्प नावाच्या एका तरुण लेखकाने शहराच्या नगरसेवकांसमोर यंत्र खेळून दाखवलं. शेवटी त्याने आधीच सांगितलं की आता गोळी वरच्या मधल्या वाटेने जाईल, आणि दांडा ओढला. गोळी तिथूनच गेली. बंदी उठली.

या रॉजर शार्पची पुढची गोष्ट आम्हाला जास्त आवडली. त्याला जोश आणि झॅक असे दोन मुलगे झाले. दोघंही वडिलांबरोबर खेळत मोठे झाले आणि जगातल्या नावाजलेल्या पिनबॉल खेळाडूंत गणले जाऊ लागले. पिनबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिचा जोश अनेक वर्षं अध्यक्ष आहे. ज्या यंत्रामुळे मुलं बिघडतात म्हणून घण घातले गेले, त्याच यंत्रापाशी एका घरातले बाप आणि लेक आयुष्यभर एकत्र उभे राहिले.

मग खरं काय? यंत्र मुलांना बिघडवतं की घर जोडतं? आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. शेवटी आम्ही आमच्याच लहानपणाकडे बघितलं.

आमच्या लहानपणी भिवंडीत व्हिडिओ गेमची दुकानं होती. अंधारी, समोर पडदा लावलेली. भाऊ जायचे. आम्ही बाहेरून आवाज ऐकायचो. आत मुलींनी जायचं नाही हे कुणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. संगणकावरचा पिनबॉल आम्हाला भेटला तो नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गात. २००१ नंतर महाराष्ट्रात गावोगाव हे वर्ग निघाले. तिथल्या विंडोज एक्सपीच्या संगणकात 'स्पेस कॅडेट' नावाचा पिनबॉल असायचा. सर बाहेर गेले की आम्ही तो उघडायचो. पण तिथे एकीने खेळायचं आणि बाकीच्यांनी खांद्यावरून बघायचं. वडील तिथे नव्हते, आई नव्हती.

घरातली फळी वेगळी होती, आणि तिची खरी वेळ म्हणजे भारनियमन. २००५-०६ च्या सुमाराला भिवंडीत वीज जाणं रोजचं होतं. वीज गेली की माग बंद. माग बंद की खडखडाट थांबायचा आणि इतकी शांतता पसरायची की कानाला चुकल्यासारखं वाटायचं. बारा-बारा तासांची पाळी करणारे बाबा अवेळी घरी यायचे. मीटरवर मजुरी असते. माग थांबला की तेवढा पगार गेला. आई मनातल्या मनात आकडे करत असायची, बाबा गप्प बसलेले असायचे. अशा वेळी आमच्यातलंच कुणी हळूच फळी काढून मेणबत्तीजवळ ठेवायचं. पहिला छर्रा बाबांनी मारायचा. दोन-तीन डाव झाले की बाबा बोलायला लागायचे. कारखान्यातलं काहीबाही सांगायचे, आमच्या शाळेचं विचारायचे. एरवी कोणत्या वर्गात आहोत हेसुद्धा त्यांच्या लक्षात नसायचं.

खरं सांगायचं तर आम्हाला वीज गेलेली आवडायची. आईसमोर हे बोलायची सोय नव्हती. आज आम्ही स्वतः घर चालवतो तेव्हा कळतं, त्या एका तासाची किंमत तिने कुठून भरून काढली असेल.

गुण मांडायचं काम बहुतेक घरांत आईकडे असायचं, कारण भावाबहिणींचा एकमेकांवर विश्वास नसायचा. आमच्या गटातल्या एका ताईंच्या आईची शाळा दुसरीतच सुटली होती. कांड्या भरायला जायच्या. बोटांवर वीसपर्यंत मोजायच्या. फळीवरच्या ५०, १०० च्या बेरजा लेकीने त्यांना शिकवल्या. आधी कोळशाने फरशीवर, मग पाटीवर. लेक मुद्दाम चुकीची बेरीज सांगायची आणि आईने पकडली की टाळ्या वाजवायची. त्याच आजी पुढे आपल्या गटाच्या वहीत स्वतः आकडे मांडू लागल्या. बँकेतून पैसे काढताना आता त्या कुणाला "बघ रे बरोबर आहेत का" असं विचारत नाहीत.

हे आठवण्यापुरतं नाही. मागच्या वर्षी आमच्या गटातल्या एका ताईंनी मुलाच्या फीचं कारण सांगून अंतर्गत कर्ज घेतलं. दोन महिन्यांनी रडत सांगितलं की फी नव्हती, मुलगा मोबाइलवर पैसे लावून खेळत होता आणि देणं झालं होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण बंदी तर न्यूयॉर्कातही होती. मुलगा संध्याकाळी कुणाबरोबर बसतो, हे काही कायदा ठरवत नाही. ताईंनीच आम्हाला सांगितलं, "त्याच्या बाबांचं आणि त्याचं महिनोन्महिने बोलणं नाही. एक झोपलेला असतो तेव्हा दुसरा जागा असतो."

माळ्यावर सापडलेली ती जुनी फळी बैठकीनंतर याच ताईंच्या घरी गेली. स्प्रिंग तुटलेली होती. मुलाने मोबाइलवर बघून ती कशी बसवायची ते काढलं. दोन दिवस जमेना. तिसऱ्या दिवशी बाबा पाळीवरून आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "उलटी बसवलीस. आण इकडे." एवढंच. मुलगा सुधारला असं आम्ही म्हणणार नाही. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. पण रविवारी दोघं फळीपाशी बसतात आणि हरलेल्याने चहा करायचा असं ठरलंय. ताई म्हणतात, लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याच्या हातचा चहा मिळाला.

तर मैत्रिणींनो, माळ्यावर फळी असेल तर काढा. नसेल तर करायला अवघड नाही. दीड-दोन फूट लांबीचा प्लायवूडचा तुकडा, बिनडोक्याचे बारीक खिळे, एक स्प्रिंग, बेअरिंगचे दहा छर्रे. कडेला पातळ पट्टी वाकवून लावायची. खिळे ठोकताना दोन खिळ्यांत छर्रा जाईल एवढी जागा सोडायची, नाहीतर तो मध्येच अडकतो. छर्रे मोजून डबीत ठेवायचे, घरात रांगतं बाळ असेल तर फळी उंचावरच राहू द्यायची. आणि आमच्या गटाने एक नियम केलाय तो पाळा. या फळीवर पैसे लावायचे नाहीत, एक रुपयासुद्धा नाही. चहा चालेल, भांडी घासणं चालेल.

पुढच्या बैठकीला आम्ही चार फळ्या करणार आहोत. खिळे ठोकायला ज्यांच्या घरातले जॉबर मोकळे असतील त्यांना घेऊन या, आणि आकडे लिहायला मुलांना.