विक्रम गप्प का बसला?

आज लहानपणीच्या गोष्टींबद्दल बोलायचं आहे, म्हणजे खरं तर एकाच गोष्टीबद्दल.

माझ्या वयाच्या मराठी माणसापुढे 'विक्रम-वेताळ' म्हटलं की एक चित्र उभं राहतं. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती स्मशान. हे चित्र आपल्याला 'चांदोबा'नं दिलं आणि ते मद्रासहून आलं. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये हे मासिक तेलुगू आणि तमिळमध्ये काढलं, मराठीत ते १९५२ पासून येऊ लागलं. चित्रकार शंकर तमिळ होते. आम्हा मुलांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, चांदोबा आमचाच होता. वाड्यात अंक एकच यायचा आणि पाच घरं फिरून परत येईपर्यंत त्याचं मुखपृष्ठ गळालेलं असायचं.

गंमत अशी की चांदोबातल्या बहुतेक वेताळकथा जुन्या पंचविशीतल्या नव्हत्याच. पंचवीस गोष्टी मासिकाला किती पुरणार? दोन वर्षं! म्हणून संपादकांनी चौकट तेवढी ठेवली आणि आत नव्या गोष्टी भरल्या. राजा उत्तर देतो, त्याचं मौन मोडतं, वेताळ पुन्हा झाडावर. पुढच्या महिन्यात तेच. आम्ही कधी विचारलंच नाही की हे संपतं कुठे.

संपतं ते अकराव्या शतकात, काश्मीरमध्ये. राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्यात ही पंचविशी आहे. त्याच्याही आधी क्षेमेंद्रानं ती सांगितलेली आहे. मराठीत सदाशिव काशीनाथ छत्र्यांनी १८३० च्या सुमारास ती आणली. मी सोमदेव वाचला तो नोकरी लागल्यावर, आणि पहिल्याच श्लोकांपाशी थबकलो. राजाचं नाव त्रिविक्रमसेन, आणि गाव? उज्जैन नव्हे. गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण! जो राजा मद्रासच्या मासिकातून आपल्या घरी आला, तो मुळात औरंगाबादच्या बाजूचाच निघाला.

आता वेताळाची अट बघा. उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोकं फुटेल, बोललास तर मी निघालो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात पेच म्हणजे काय हे शिकवताना मला याहून सोपं उदाहरण मिळालं नाही. त्या डोक्यांच्या अदलाबदलीच्या गोष्टीवर तर मी अख्खा तास घ्यायचो. नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर, भावाचं नवऱ्याच्या धडावर, मग नवरा कोणता? राजा म्हणतो, डोकं ज्याचं तो. मला हे उत्तर जरा घाईचं वाटतं. हात, छाती, चाल यांना काहीच स्मृती नसते का? थॉमस मानला आणि पुढे गिरीश कर्नाडांना 'हयवदन'मध्ये हाच प्रश्न छळत राहिला, तेव्हा राजानं तो निकालात काढला असं म्हणवत नाही.

पण मला खरं सांगायचंय ते शेवटच्या प्रश्नाबद्दल. बाप-लेक रानातून चाललेत, पुढे दोन बायकांची पावलं उमटलेली. ठरतं असं की मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. प्रत्यक्षात मोठी पावलं मुलीची निघतात आणि लहान आईची. लग्नं तशीच होतात. मग त्यांना मुलं होतात. त्या मुलांचं एकमेकांशी नातं काय?

राजा विचार करतो आणि गप्प चालत राहतो. उत्तर माहीतच नाही, तेव्हा अट लागू होत नाही. डोकं शाबूत, मौनही शाबूत. वेताळ खूश होतो आणि ज्या भिक्षूसाठी हे प्रेत न्यायचंय तो राजाचाच बळी देणार आहे, हे सांगून टाकतो. इतक्या वेळा अचूक उत्तरं देऊन राजा हरला होता, बरं का.

चांदोबाला हा शेवट छापणं परवडणारं नव्हतं, विक्रम गप्प बसला असता तर पुढच्या महिन्याचा अंक कसा निघणार? तक्रार नाही माझी. पण आमच्या पिढीनं ज्या विक्रमावर जीव लावला त्याला सगळ्याची उत्तरं येत होती, आणि 'मला हे ठाऊक नाही' असं मनाशी म्हणून चालत राहणारा पैठणचा राजा आम्हाला भेटला तो फार उशिरा, केस पिकायला लागल्यावर.