वॉल्टर पेजच्या बँडचा माग

१० नोव्हेंबर १९२९ रोजी कॅन्सस सिटीत व्होकॅलियन कंपनीने 'वॉल्टर पेजेस ब्लू डेव्हिल्स' या बँडच्या दोन रचना मुद्रित केल्या : 'ब्लू डेव्हिल ब्लूज' आणि 'स्क्वॉब्लिन'. डबल बेस वाजवणाऱ्या पेजने हा बँड १९२५च्या सुमारास ओक्लाहोमा सिटीत बांधला होता. पुढे काही वर्षे तो त्या मुलखातली नृत्यगृहे गाजवत हिंडला. त्याचा आवाज म्हणून मात्र या एका तबकडीच्या दोन बाजू एवढेच उरले आहे.

बाकीची साधने म्हणजे इतर बँडांच्या मुद्रणनोंदी, ओक्लाहोमा सिटीतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या 'ब्लॅक डिस्पॅच' या वृत्तपत्रातला मजकूर आणि वादकांनी उतारवयात सांगितलेल्या आठवणी. मराठी इतिहाससंशोधक राजवाड्यांनी बखर आणि अस्सल कागद यांत जो भेद करायला शिकवले, तो इथे पदोपदी कामी येतो. पेजची स्वतःची हकिकतही शेवटी बखरच. फ्रँक ड्रिग्जने ती ऐकून उतरवली आणि 'जॅझ रिव्ह्यू'ने नोव्हेंबर १९५८मध्ये छापली. पेज २० डिसेंबर १९५७ला न्यूयॉर्कमध्ये वारला होता, त्यामुळे छापील मजकुरावर त्याला उलट काही विचारायची सोय कुणालाच राहिली नाही.

तरी या हकिकतीतला बालपणाचा भाग मी विश्वासाने घेतो, कारण तो भपकेबाज नाही. १९००मध्ये मिसूरी राज्यातल्या गॅलॅटिन गावी जन्मलेला हा मुलगा कॅन्सस सिटीच्या लिंकन हायस्कुलात मेजर एन. क्लार्क स्मिथ या कडक बँडमास्तरांच्या हाताखाली आला. एके दिवशी बेस वाजवायला कुणी हजर नव्हते. मास्तरांनी तो पेजच्या गळ्यात घातला. पुढे तो बेनी मोटनच्या बँडमध्ये वाजवू लागला, मग बिली किंगच्या फिरत्या नाटक मंडळीत गेला. ती मंडळी मोडली आणि तिच्यातल्या वादकांना घेऊन ब्लू डेव्हिल्स उभा राहिला. पैशाचा व्यवहार सामाईक होता : आधी खर्च वजा, मग सगळ्यांना सारखा वाटा, बँडप्रमुखालाही तेवढाच.

पियानोवादक काउंट बेसीने आत्मचरित्रात सांगितले आहे की टल्सामध्ये सकाळी झोपेतून जाग आली ती लुई आर्मस्ट्राँगच्या तबकडीने, असे त्याला वाटले. बाहेर येऊन पाहतो तो ट्रकवर ब्लू डेव्हिल्स वाजवत होते! १९२८मध्ये तो त्यांच्यात सामील झाला. मग त्या एकमेव तबकडीवर पियानो कुणाचा? तो बेसीचाच, असे मानण्याचा मोह काही लेखकांना झाला आहे. पण व्हिक्टर कंपनीच्या नोंदी बघाव्यात. १९२९च्या ऑक्टोबरअखेरीस शिकागोत बेनी मोटनच्या बँडचे मुद्रण झाले, त्यात बेसी हजर आहे. म्हणजे पेजच्या मुद्रणाच्या दोन-तीन आठवडे आधीच तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. वादकांच्या याद्यांत चार्ली वॉशिंग्टनचे नाव येते, आणि दुसरा भक्कम पुरावा मिळेपर्यंत तेच मान्य करावे.

मोटनच्या याच नोंदीशेजारी त्याची १९३२ची नोंद ठेवली की खरी गोष्ट उलगडते. १९२९च्या यादीत खालचा सूर धरायला ट्यूबा आहे आणि तो व्हर्नन पेज वाजवतो. १३ डिसेंबर १९३२ला न्यू जर्सीतल्या कॅमडेन इथे झालेल्या मुद्रणात ट्यूबा गेला आहे, त्याच्या जागी वॉल्टर पेजचा डबल बेस आहे. शिवाय हॉट लिप्स पेज, डॅन मायनर, एडी डरहॅम, बेसी आणि गायक जिमी रशिंग. वॉल्टर धरून सहा जण ब्लू डेव्हिल्सचे! नाव मोटनचे असले तरी बँडचा कणा पेजच्या घडणीचा होता.

ट्यूबा फुंकणाऱ्याला दम घ्यावा लागतो, म्हणून तो सहसा चारांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावरच वाजतो. तारेला ती अडचण नसते. 'स्क्वॉब्लिन'मध्ये मधूनमधून पेज चारही ठोके धरून सूर एकेक पायरी चढवत-उतरवत नेतो. कॅमडेनच्या 'मोटन स्विंग'मध्ये हे चालणे सबंध बँडच्या अंगात मुरलेले आहे. त्या दिवशीची मंडळी कंगाल आणि उपाशी होती. आदल्या जेवणाची सोय म्हणजे बिलियर्डच्या टेबलावर ठेवलेला सशाचा रस्सा, असे सॅक्सोफोनवादक एडी बेअरफिल्ड सांगतो. नोंदवहीत अर्थातच फक्त दहा रचनांची नावे आहेत.

पेजने स्वतःचा बँड का सोडला? मोटनने एकेक वादक फोडला, ही सोपी कथा पुरेशी नाही. पेजच्या सांगण्यानुसार कार्यक्रम मिळण्यातली ओढाताण आणि वादक संघटनेशी झालेला झगडा यांमुळे त्याने सूत्रे ट्रंपेटवादक जेम्स सिम्पसनकडे दिली. दोन्ही कारणे एकमेकांना खोडत नाहीत. उरलेला बँड १९३३मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ब्लूफील्डला अडकला आणि टॅक्सीच्या थकबाकीपायी वाद्ये जप्त झाली, हे त्या बँडमधल्या बस्टर स्मिथच्या मुलाखतीवरून कळते.

मोटन १९३५मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर दगावला आणि बेसीचा बँड उभा राहिला. त्यातल्या पेजचे पहिले मुद्रण जुन्या सूच्यांत ९ ऑक्टोबर १९३६, शिकागो असे होते. ते टिकत नाही : ऑक्टोबरभर बँड कॅन्सस सिटीतच होता, शिकागोला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला पोचला. आता ९ नोव्हेंबर ही तारीख धरतात. त्या मुद्रणाला बँडमधले पाचच वादक होते आणि त्यांत गिटार नाही, त्यामुळे 'शू शाइन बॉय'मध्ये लेस्टर यंगच्या सॅक्सोफोनखालचा बेस लख्ख ऐकू येतो.

पेजच्या कामाचा सर्वांत थेट पुरावा मात्र सप्टेंबर १९३८चा आहे. कॉमोडोर कंपनीसाठी 'कॅन्सस सिटी सिक्स' या नावाने सहा जण जमले. त्यांतले पेज, डरहॅम आणि यंग हे तिघे जुने ब्लू डेव्हिल्स, आणि पियानो नाहीच. 'पेजिंग द डेव्हिल' या ब्लूजमध्ये पेजला एकट्याला वाव मिळतो. तिथेही तो कसरती करत नाही. एरवी इतरांच्या खाली जसा चालतो, तसाच चार ठोक्यांनी चालतो.