चुगली करणारं कुलूप

कुलूप दार राखतं. पण रात्री कुणी त्या कुलपाशीच झोंबून गेलं, तर सकाळी मालकाला ते सांगणार कोण?

१८१७ साली इंग्लंडमध्ये पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत चोरी झाली. सरकारने बक्षीस लावलं, स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही असं कुलूप करून दाखवा. जेरेमाया चब यांनी १८१८ साली ते केलं. आपण 'सहा लिव्हरचं' म्हणतो, त्याच जातीचं. पण आत एक खोडी होती. तारेने चाचपताना एखादी लिव्हर जरुरीपेक्षा जास्त उचलली गेली की ती अडकून बसे. मग खरी किल्लीही चालत नसे आणि मालक समजे, कुणीतरी येऊन गेलं.

पोर्ट्समथच्याच एका तुरुंग-जहाजावर मूळचा कुलूपवाला असलेला एक कैदी होता. हे उघड, सुटका मिळेल, वर शंभर पौंड, असं त्याला सांगितलं. दोन-तीन महिने झटला बिचारा, आणि हरला. मला कुलपापेक्षा त्याचे ते महिनेच जास्त आठवतात.

१८५१ साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेतून आलेल्या आल्फ्रेड हॉब्जने चबचं कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडलं. तेही त्या चुगलखोर लिव्हरच्याच मदतीने! ती अडकली की त्याला कळे, इथे जास्त झालं. उलट्या बाजूने फिरवून तो ती सोडवी आणि पुन्हा कामाला लागे. मालकासाठी ठेवलेला खबऱ्या चोरालाही खबर देत होता.

मग वीज आली. बोस्टनजवळच्या सॉमरव्हिलच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ साली विजेच्या घंटेचं पेटंट घेतलं. पुढे एडविन होम्सने ते विकत घेऊन धंदा उभा केला. दार उघडलं की वायरी जुळत आणि घंटा वाजे. पण वायरी जुळल्यावर वाजणारी घंटा, वायर आधीच कापली तर मुकीच. म्हणून उलटी जोडणी आली. वायरीतून प्रवाह सतत वाहता ठेवायचा. तो थांबला की बोंब. त्यावर चोराची तोड म्हणजे दोन्ही वायरी मध्येच एकमेकींना जोडून टाकायच्या. तेव्हा वायरीच्या टोकाला ठरावीक मापाचा रेझिस्टर आला. प्रवाह घटला तरी ओरड, वाढला तरी ओरड.

आणि डबीच्या झाकणाखाली स्प्रिंगचं एक इवलंसं बटण. झाकण सैल झालं की ते सुटतं. अलार्म दिवसा बंद असला तरी या बटणाची वायर चोवीस तास जागी असते, कारण डबीशी खेळणारा माणूस दुपारी गिऱ्हाईक बनूनही येतो.

माझ्या ओळखीच्या एका दुकानात दुरुस्तीसाठी अशी डबी उघडली होती. वाकून पाहिलं. बटण जागेवर होतं. त्याच्या दोन्ही वायरी मात्र पिळून एकमेकींना जोडलेल्या, वर काळी टेप. विचारलं तर दुकानदार म्हणाले, "काय करणार भाई, रस्त्याने ट्रक गेला तरी ओरडायचं. ज्याने बसवलं त्यानेच बंद करून दिलं."